नववं पेर

माणसाच्या हाताला बोटं पाच, पण कामाची पेरं बारा, हे केतकी भणगेचं लाडकं वाक्य होतं. परिषद असो, मुलाखत असो की कुणाच्या लग्नाची पंगत, ती उजवा हात वर धरायची, अंगठा तर्जनीच्या बुडाशी टेकवायची आणि सुरू व्हायची. ऐकणाऱ्याला पळायला वाट नसे. तिच्या ऑफिसातला इक्बाल तांबोळी नव्या लोकांना आधीच बजावून ठेवायचा, "मॅडमना हात दाखवू नका. त्या पेरं शिकवल्याशिवाय तो परत देत नाहीत."

तिला मिरवायचा हक्क होता, हेही खरं. कळफलक कधीच अडगळीत गेले होते. लोक बोलून लिहीत आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटत. पण या सुखात एक गोम होती. बोललेलं सगळंच उमटायचं. चुकलेला शब्द काढायला "पूस" म्हणावं, तर पडद्यावर "पूस" असंच यायचं. कुठल्याशा पतसंस्थेच्या छापील अहवालात "अध्यक्षांनी निःस्वार्थ सेवा केली हे काढ रे, लोक हसतील" असं वाक्य जसंच्या तसं गेलं आणि त्या वर्षीची सभा पोलीस बोलावून संपवावी लागली. तेव्हा लिहायचं तोंडाने आणि सुधारायचं हाताने, मुकाट्याने, असा मार्ग निघाला.

हाताने म्हणजे मनगटावरच्या पट्ट्याने. बोट हलवायचं मनात आलं की मेंदूतून विजेचा एक बारीक स्पंद निघतो, मणक्यातून उतरतो आणि हातातल्या मज्जातंतूंवरून स्नायूंपर्यंत पोचतो. बोटं ओढणारे बरेचसे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात. पट्टा तिथलेच स्पंद वाचतो. बोट पुरतं हललं नाही, नुसतं हलू पाहिलं, तरी त्याला कळतं. शिवाय हे स्पंद दोन माणसांचे सारखे नसतात, त्यामुळे हात कोणाचा हेही तो छातीठोकपणे सांगतो. कोर्टातसुद्धा सहीच्या जागी आता हाताची ही खूण चालत होती.

अडचण एवढीच, की प्रत्येक कंपनीच्या पट्ट्याच्या खुणा निराळ्या. एकीची नक्कल ती दुसरीची खोड. जुन्या कळफलकांवर नक्कल, चिकटव, उलट यांच्या कळा जगभर सारख्या होत्या, म्हणून कुणीही कुणाच्याही यंत्रावर बसून काम करू शकायचं. पट्ट्यांनाही तशी शिस्त हवी म्हणून पुण्यात एक मानक समिती बसली आणि खुणा ठरवायचं काम केतकीकडे आलं. बाकीचे सदस्य चुटक्या, मुठी, हवेत गिरक्या असलं काहीबाही सुचवत होते. केतकीने पेरं सुचवली. अंगठा चारही बोटांच्या पेरांवर सहज पोचतो, अंधाला पोचतो, म्हाताऱ्याला पोचतो, आणि आपल्याकडे पेरं कुणाला शिकवावी लागत नाहीत.

क्रमही तिने सरळ ठेवला, खालून वर, तर्जनीपासून करंगळीपर्यंत. तर्जनीवर निवड: पहिल्या पेराने अक्षर, दुसऱ्याने शब्द, तिसऱ्याने शेवटची अख्खी ओळ. मधल्या बोटावर नक्कल, चिकटव, ठळक. अनामिकेवर पूस, मग मोकळी जागा मीट, आणि नववं पेर कायम. करंगळीच्या बुडाशी दहावं, उलट, म्हणजे झालं ते मागे घे. त्यावरची दोन क्वचित लागणारी. "कायम" केलेला मजकूर मोहोरबंद व्हायचा. चार श्वासांच्या आत दहाव्या पेराने मागे घेतला तर घेतला, नाहीतर मग ब्रह्मदेव आला तरी बदलायचा नाही. पुसलेलं काय होतं तेही परत वाचता यायचं नाही, खाजगीपणाच्या कायद्याने तशी सक्तीच होती.

दोनेक वर्षांत शाळा, कचेऱ्या, कोर्टं, इस्पितळं सगळीकडे बारा पेरं पोचली. आता ती जगाचं मानक व्हायची होती आणि त्याचं मतदान तोंडावर आलं होतं. केतकीला आकाश ठेंगणं झालं होतं. नेमका तेव्हाच मिरजेहून ताईचा फोन आला.

ताई म्हणजे डॉ. मृण्मयी, केतकीची थोरली बहीण. मिरजेच्या दयासागर इस्पितळात ती बाळंतपणाची डॉक्टर होती. आसपासच्या गावांतल्या बायका तिच्याकडेच नाव घालायला यायच्या, कारण ती पडद्याकडे नाही, बाईकडे बघून बोलायची. पट्टा आल्यावर तर तिला मोकळं रानच मिळालं. हात मांडीवर, डोळे समोरच्या बाईवर, आणि भिंतीवर केसपेपर आपोआप तयार.

"केतू, माझी एक पेशंट गेली," ताई म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता.

स्नेहल नाव होतं तिचं, बेडग गावची, पहिलटकरीण. बाळ झालं, रडलं, सगळे हसले आणि मग तिचं रक्त थांबेना. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने केसपेपर पाहिला आणि रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन दिलं. औषध चांगलं, कितीकांना वाचवणारं, फक्त दमेकऱ्यांना वर्ज्य. स्नेहलला लहानपणापासून दमा होता. श्वासनळ्या आवळल्या गेल्या आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती गेली. केसपेपरवर दम्याचा उल्लेखच नव्हता.

"मी लिहिला होता," ताई म्हणाली. "तिने सांगितलं, मी लिहिलं. मला तिचा चेहरासुद्धा आठवतो सांगताना. इस्पितळाने मला कामावरून दूर केलंय, चौकशी बसवलीय. परवाना जाईल, कदाचित गुन्हाही दाखल होईल. पट्टा तपासायला तज्ज्ञ हवाय त्यांना. तू ये. दुसऱ्या कुणाचा अहवाल मला नको."

इस्पितळानेही एका पायावर होकार दिला. सख्ख्या बहिणीनेच दोष दाखवला तर पुढे कोण काय बोलणार, असा त्यांचा साधा हिशोब. केतकी मिरजेला आली आणि तिने पट्टा तपासला. पट्टा फक्त मजकुरात झालेले बदल लक्षात ठेवायचा, आणि ते बदल आरशासारखे स्वच्छ होते.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने ताईला बाल्कनीत बोलावलं. आई आत कुकर लावत होती.

"ताई, तू तिथे एक ओळ लिहिली होतीस."

मृण्मयीने डोळे मिटले. "सुटले गं बाई."

"थांब. लिहिलीस, आणि जरा वेळाने पुसलीस. पुसून कायम केलंस."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती, आणि दोघी ते ऐकत उभ्या राहिल्या.

"पट्टा चुकला असेल," शेवटी मृण्मयी म्हणाली.

"पट्टा चुकत नाही, ताई. हात तुझाच आहे."

"मी का पुसेन? पेशंटचा दमा पुसून मला काय मिळणार होतं?"

"नकळत झालं असेल. दमली असशील."

"नकळत?" मृण्मयीचा आवाज चढला. "आधी ओळ निवडायची, मग पुसायची, मग कायम करायची, हे नकळत? तूच सांगत फिरतेस ना सगळीकडे, की इतक्या खुणा ओळीने चुकून होऊच शकत नाहीत? मी ऐकलंय तुझं भाषण. टाळ्या वाजवल्यात. बोल, होऊ शकतात का?"

केतकीला खोटं बोलता आलं असतं. तिला ते सुचलंही. पण बारा पेरांचा अख्खा डोलारा याच एका वाक्यावर उभा होता.

"नाही," ती म्हणाली.

"मग मी एकतर खुनी आहे, नाहीतर मला वेड लागलंय," मृण्मयी म्हणाली. "अहवालात कोणतं लिहिणार आहेस?"

त्यानंतर ती केतकीशी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाबरोबर चौकशीला निघाली, तेव्हाही तिने फक्त आईला सांगितलं. केतकीने अहवाल घेऊन मागाहून जायचं होतं. ती मनगटावर पट्टा चढवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि दबक्या आवाजात अहवाल सांगू लागली. आई ओट्याशी कणीक मळत होती. तिची पाठ बोलत होती, तोंड नाही.

एकेक ओळ पडद्यावर उमटत गेली. शेवटची ओळही केतकीने बोलून टाकली: मजकूर पुसणे ही डॉक्टरांची जाणीवपूर्वक केलेली कृती होती.

"झालं का तुझं?" आईने विचारलं.

आई वळताच केतकीने घाईघाईने माइक बंद केला होता, नाहीतर तेही अहवालात गेलं असतं. "होत आलंय. का गं?"

"सांगलीच्या माईंचा फोन होता. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत, श्रावणापासून. बारसं कधी येईल ते बघ, म्हणजे मला झबली-टोपडी शिवायला घेता येतील. माझे हात कणकेत आहेत."

घर जळत असताना आईला बारसं सुचतंय, असं केतकीच्या मनात आलं. मग कळलं, की आईला काहीतरी बोलायचं होतं आणि दुसरं काही बोलवत नव्हतं. माइक बंद, त्यामुळे यंत्राला विचारायची सोय नव्हती. केतकीने अंगठा तर्जनीच्या बुडाशी ठेवला आणि लहानपणी शिकवलं होतं तशी पुटपुटू लागली. श्रावण, भाद्रपद, आश्विन. मधलं बोट: कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. अनामिका: माघ, फाल्गुन, चैत्र.

"चैत्र," ती म्हणाली. "चैत्रात नऊ भरतात. बारसं वैशाखात."

आणि तिने पडद्याकडे पाहिलं.

शेवटची ओळ तिथे नव्हती. अहवाल आदल्या ओळीवरच संपत होता आणि त्याच्याखाली मोहोरबंद झाल्याची निळी खूण शांतपणे चमकत होती.

केतकीने नवा कोरा कागद उघडला, तोंडाला येईल ते वाक्य बोलली, माइक बंद केला आणि पुन्हा श्रावण, भाद्रपद मोजू लागली. या वेळी डोळे पडद्यावर होते. अक्षर निवडलं गेलं, शब्द निवडला गेला, ओळ निवडली गेली. ओळीची नक्कल झाली, ती जिथल्या तिथे चिकटली, ठळक झाली. माघाला पुसली गेली, फाल्गुनाला रिकामी जागा मिटली, चैत्राला निळी खूण आली. मोजायला लागला तेवढाच वेळ.

दहाव्या पेरावर तिने सगळं परत आणायची सोय ठेवली होती. पण पोटातल्या बाळाचे महिने मोजणारी कुठली बाई दहाव्या पेरावर जाते? ती नवव्यावर थांबते, समोरचीला तारीख सांगते आणि हसते. पट्ट्याला हात काय करतोय ते अचूक कळत होतं. कशासाठी करतोय, ते कळत नव्हतं.

लाखो तास चाचण्या घेतल्या होत्या त्यांनी. चाचणीला बसलेली सगळी पुण्या-बंगळुरूची तरुण पोरं, साताला पाच मिळवायलासुद्धा यंत्राला विचारणारी. त्यांच्यातल्या एकानेही पेरांवर कधी काही मोजलं नव्हतं. आणि क्रम मोजणीचा हवा, हा हट्ट कोणाचा होता? हाताला तो पाठ असतो म्हणून?

"काय झालं गं?" आई कणकेचे हात तसेच धरून जवळ आली. "पांढरीफटक पडलीस."

"आई, ताई महिने कसे मोजते?"

"कसे म्हणजे? मी तुम्हा दोघींना शिकवले तसे. यंत्र तारीख सांगतं तिला, पण बाईसमोर बोटांवर मोजून दाखवते. म्हणते, यंत्राची तारीख बायकांना खरी वाटत नाही, माझ्या बोटांची वाटते."

केतकी खुर्चीत बसून रडायला लागली. आईला वाटलं ताईसाठीच रडतेय, आणि तिने कोपराने तिचं डोकं जवळ घेतलं.

डोळे पुसून केतकीने पुण्याला समितीचे अध्यक्ष प्राध्यापक खांबेटे यांना फोन लावला. खांबेटे सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, मग विचारलं, "कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग दोन दिवस बोलू नकोस. मतदान होऊ दे. नंतर आपणच दुरुस्ती काढू. 'कायम'च्या आधी एक प्रश्न घालू, संपलं."

"सर, एक बाई मेलीय. माझी बहीण चौकशीसमोर उभी आहे."

"तिचंही बघू, चौकशी काय आज संपत नाही. पण आत्ता बोललीस तर बारा पेरं कायमची बुडतील, केतकी. तुझी सगळी उमेदीची वर्षं आहेत ती."

तिला ते क्षणभर पटलं, खोटं कशाला बोला. दोन दिवस म्हणजे काय, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जातात. मग बाल्कनीतला ताईचा चेहरा आठवला. "ठेवते, सर," ती म्हणाली, आणि फोन बंद करून टेबलावरच ठेवून ती चौकशीला निघाली.

चौकशी इस्पितळाच्याच सभागृहात होती. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश पद्मजा घोरपडे, बाजूला इस्पितळाचे वकील, समोर मृण्मयी. मागच्या खुर्च्यांत स्नेहलची आई सुवर्णाबाई बसल्या होत्या, मांडीवर महिन्याभराचं बाळ. मृण्मयीने केतकीकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुमचा अहवाल?" घोरपडेबाईंनी विचारलं.

"अहवाल नाहीये, मॅडम," केतकी म्हणाली. "मला काहीतरी दाखवायचंय. डॉक्टरांचा पट्टा टेबलावर आहे, तो त्यांच्या हातावर चढवू द्या. स्नेहलचा पहिला केसपेपर त्यांनी जसा केला, तसा परत करू द्या. फक्त समोर कुणीतरी बसायला हवं."

इस्पितळाचे वकील उठून हरकत घेऊ लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी बसतो की." सुवर्णाबाई उभ्या राहिल्या होत्या. "मी व्हतो तवा तिच्यासंगं. मला ठावं हाय काय काय बोलणं झालं."

घोरपडेबाईंनी मान हलवली. सुवर्णाबाईंनी बाळ शेजारच्या नर्सकडे दिलं आणि त्या मृण्मयीसमोर येऊन बसल्या. मृण्मयीची पाठ भिंतीवरच्या पडद्याकडे होती, तिच्या खोलीत असायची तशीच. तिने पट्टा बांधून घेतला. ती सुवर्णाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचा आवाज पेशंटशी बोलतानाचा झाला.

"नाव स्नेहल. वय तेवीस. पहिलं बाळंतपण." पडद्यावर ओळी उमटत होत्या. "वजन, रक्तदाब ठीक." तिने माइक बंद केला. "बरं, दुसरा काही आजार आहे का तुला?"

"दमा हाय," सुवर्णाबाई म्हणाल्या. "ल्हानपणापास्नं. थंडीत लई."

मृण्मयीने माइक सुरू केला. "इतर आजार: लहानपणापासून दमा," ती म्हणाली. ओळ उमटली. सगळ्यांना दिसली. मृण्मयीने माइक परत बंद केला. "शेवटची पाळी कधी आली होती, आठवतंय?"

"जानेवारी म्हनली व्हती ती."

"जानेवारी. मग बघ हं." मृण्मयीचा उजवा हात आपोआप वर आला. ती हसली, त्या बाईला हसली, आणि अंगठा तर्जनीच्या बुडाशी टेकला. "जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एप्रिल, मे, जून. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. नऊ भरले, म्हणजे ऑक्टोबरात बाळ तुझ्या मांडीवर."

तिच्या पाठीमागे पडद्यावरची शेवटची ओळ निवडली गेली, ठळक झाली आणि गेली. निळी खूण उमटली.

सभागृहात एकदम गलका झाला. वकील अर्धवट उठले ते तसेच राहिले. मृण्मयीला काहीच कळलं नाही, कारण सगळ्या खोलीत एकटीच ती पडद्याकडे बघत नव्हती. ती सुवर्णाबाईंकडे बघत होती, आणि सुवर्णाबाईंचं तोंड उघडं पडलं होतं.

"गेलं की वो," त्या पुटपुटल्या. मग किंचाळल्या. "डॉक्टरीणबाई, गेलं! मागं बगा! माज्या पोरीचा दमा गेला!"

मृण्मयी वळली. पडद्यावर नाव होतं, वय होतं, वजन आणि रक्तदाब होता. ती आपल्या हाताकडे बघू लागली. अंगठा अजून अनामिकेच्या टोकाशी होता.

"हे मी केलं?" तिने विचारलं.

"तू मोजलंस फक्त," केतकी म्हणाली. तिने घोरपडेबाईंना सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. पेरांचा क्रम, चाचणीला बसलेली पोरं, नववं आणि दहावं पेर, आणि आज सकाळी कुठल्या वाक्याचं काय झालं तेसुद्धा.

घोरपडेबाईंनी पडद्यावरच्या ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरांनी दमा लिहिला होता."

"हो."

"मग तो पुसला कोणी?"

केतकी सुवर्णाबाईंकडे वळली. त्यांच्याकडे बघून बोलणं भाग होतं. "मी पुसला. हात ताईचा होता, पण पुसणं मी ठेवलं होतं त्याच्यात."

सुवर्णाबाई उठल्या, नर्सकडून बाळ घेतलं आणि जागेवर जाऊन बसल्या. एखादी शिवी दिली असती तर केतकीला बरं वाटलं असतं.

घोरपडेबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्यावरचा आरोप टिकत नाही. मी तशी नोंद करते."

मृण्मयीने ते ऐकलंच नाही. तिचे ओठ हलत होते, नुसते, आवाज न होता. केतकी धावत तिच्याजवळ गेली. तिला वाटलं ताईला आता चक्कर येणार.

"ताई, ऐकलंस का? सुटलीस तू."

"मी सगळ्यांना मोजून दाखवते, केतू," मृण्मयी म्हणाली. "सगळ्यांना. आधी आजार विचारायचा, मग महिने मोजायचे. पट्टा आल्यापासून. एक बाई सोडली नाही मी." ती ताडकन उठली. "आत्ता नऊ भरत आलेल्या किती आहेत माझ्या? कुणाला हृदयाचं आहे, कुणाला फिट येतात, कुणाला पेनिसिलिन चालत नाही. कोणाच्याच पेपरवर नाहीये ते!"

सकाळपासून केतकीने बहिणीचा विचार केला होता, मतदानाचा केला होता, स्नेहलचा केला होता. या बायकांचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. आणि या तर एकट्या ताईच्या. देशात पेरांवर मोजून दाखवणारे डॉक्टर किती असतील, कोण जाणे.

"मला वॉर्डात जाऊ द्या," मृण्मयी म्हणाली.

"निलंबन अजून उठलेलं नाही," वकील चाचरत म्हणाले. "नियमाप्रमाणे विश्वस्तांची सही झाल्याशिवाय..."

"मग नका जाऊ देऊ. नंबर आहेत माझ्याकडे, प्रत्येकीला मी माझाच नंबर देते." तिने पट्टा ओरबाडून काढला आणि टेबलावर टाकला. "लिहायला काही आहे का? पेन. कुणाकडे पेन आहे का?"

पेन अख्ख्या सभागृहात एकच निघालं, घोरपडेबाईंच्या पर्समधून. मृण्मयीने समोरचं आरोपपत्र पालथं घातलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पहिलं नाव लिहिलं. केतकी तिच्या शेजारी हुंदके देत उभी होती.

"रडू नकोस," मृण्मयी मान वर न करता म्हणाली आणि तिने आपला फोन केतकीच्या हातात दिला. "यास्मिन मुल्ला. मालगावची. तारीख याच आठवड्यातली आहे. लाव."

केतकीने लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना, तसं मागे बसलेल्या सुवर्णाबाईही बाळाला थोपटायच्या थांबल्या. मग पलीकडून आवाज आला. केतकीने फोन ताईच्या तोंडाशी धरला.

"यास्मिन, डॉक्टर मृण्मयी बोलतेय. बरी आहेस ना? मला सांग, तुला दुसरा काही आजार आहे का? कुठलं औषध सोसत नाही असं काही?"

"मॅडम?" पलीकडची मुलगी गोंधळली. "पैल्यांदा आलतो तवाच सांगितलं व्हतं की तुमाला. तुमी लिवून घेतलं व्हतं."

मृण्मयीने पेन कागदावर टेकवलं.

"हो गं, सांगितलं होतंस," ती म्हणाली. "परत सांग."